सोयाबीन लातूरचे, शेवाळ समुद्राचे

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात पाय ठेवायला जागा नसते. ट्रॅक्टर, टेम्पो, मिळेल त्या वाहनाने सोयाबीन येते, हमाल पोती उतरवतात, आडत्याचा माणूस मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओल किती, डागी किती ते पाहतो आणि भाव बोलतो. २०२४ च्या हंगामात हा बोललेला भाव क्विंटलला ४,८९२ रुपये या जाहीर हमीभावाच्या बराच खाली होता. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे सोयाबीनवर भाषणेही भरपूर झाली. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर नेण्यात आली. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये झाला, पण २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातले उभे सोयाबीन पाण्यात गेले. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्के करण्यात आले होते. मे २०२५ अखेर ते पुन्हा दहा टक्क्यांवर आणण्यात आले. शहरातल्या गृहिणीला तेल स्वस्त हवे आणि शेतकऱ्याला सोयाबीन महाग हवे, ही ओढाताण जुनीच आहे आणि ती दिल्लीत सुटेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

या सगळ्या वादात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ज्या लातूर जिल्ह्यात खरिपात चार लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर सोयाबीन उभे असते, त्या जिल्ह्यातल्या घरांत सोयाबीन शिजते का? तेल येते, तेही पिशवीतून. दाणा मात्र चुलीपर्यंत पोहोचत नाही. शंभर किलो सोयाबीनमधून अठरा ते वीस किलो तेल निघते; उरलेली पेंड प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात जाते किंवा परदेशी जाते. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने आहेत, म्हणजे तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. कारखानदार सोयाबीन विकत घेतो ते तेल आणि पेंड यांचा हिशेब करून. त्या दोन्हींचे भाव जगाच्या बाजारात ठरतात आणि लातूरच्या सौद्यात ते नुसते वाचून दाखवले जातात. माणसाचे अन्न म्हणून या दाण्याला आपल्याकडे गिऱ्हाईकच नाही म्हटले तरी चालेल.

तसा प्रयत्न झाला नाही असे नाही. सोयाबीन आपल्या भागात नवे होते तेव्हा दळणात मिसळण्याचा सल्ला सगळीकडे ऐकू येई. आमच्या आईने तो मनावर घेतला होता. दहा किलो गव्हाला एक किलो सोयाबीन. पोळी जरा पिवळसर, जरा चामट होई, पण मुलांच्या अंगी लागेल या आशेने ती नेटाने महिनाभर चालली. मग वडिलांनी पोटाची तक्रार केली, आजोबांनी तर ताट मागे सारले, आणि डब्यातले उरलेले सोयाबीन शेजारच्या म्हशीला गेले. मराठवाड्यातल्या किती घरांत हीच कथा घडली असेल! सोयाबीन 'वातूळ' ठरले, आणि एकदा वातूळ ठरलेल्या पदार्थाची आपल्या घरांत पुन्हा सुनावणी होत नाही.

आईचा दोष नव्हता आणि आजोबांचाही नव्हता. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या दोन साखरा असतात. पहिली साधारण एक टक्का, दुसरी चार टक्क्यांच्या घरात. आपल्या ओळखीच्या साखरेलाच गॅलॅक्टोज नावाच्या साखरेचे एक किंवा दोन शेपटीसारखे डबे जोडले की या तयार होतात. हे डबे सोडवायला एक विशिष्ट विकर लागते. विकर म्हणजे एन्झाइम. सजीवांच्या शरीरातली रासायनिक कामे झटपट उरकणारी प्रथिने. या कामाच्या विकराचे नाव अल्फा-गॅलॅक्टोसिडेज. माणसाच्या लहान आतड्यात ते नाही. त्यामुळे या साखरा न पचता मोठ्या आतड्यात उतरतात, तिथल्या जिवाणूंना आयती मेजवानी मिळते आणि वायू होतो. तूर, हरभरा, वाल यांतही या साखरा आहेतच. म्हणून तर वालाला ओवा आणि वरणाला हिंग. सोयाबीनमध्ये त्या भरपूर आहेत, आणि हिंगाच्या चिमटीने भागत नाही.

यावर आपल्या स्वयंपाकघरातही एक तोड आहे, ती म्हणजे मोड आणणे. भिजवलेल्या कडधान्याला मोड फुटू लागतात तेव्हा बीज स्वतःच हे विकर कामाला लावते आणि साठवलेल्या या साखरा वापरून टाकते. भिजवलेले पाणी ओतून दिले की आणखी काही साखरा जातात. फडक्यात मटकी बांधून ठेवणारी आजी जैवतंत्रज्ञान करत होती, असे आजकाल सभांतून कौतुकाने सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु फडके चार माणसांच्या घरापुरते ठीक. एखाद्या बचत गटाने सोयाबीनचे दूध काढून रोज शंभर-दोनशे लिटर विकायचे म्हटले, तर मोड आणण्याला वेळ, जागा आणि पाणी लागते, आणि मोड आलेल्या दाण्याच्या दुधाची चव सर्वांना मानवतेच असे नाही.

दुधातच विकर घातले तर? घालता येते. बुरशीपासून काढलेले हेच विकर अमेरिकेत १९९० च्या सुमारापासून जेवणाबरोबर घेण्याच्या गोळ्यांच्या रूपात विकले जाते. पण दुधात ढवळलेले विकर दुधाबरोबरच जाते. उद्याच्या दुधाला उद्या नवे विकर. वास्तविक विकर कामात खर्च होत नाही. एक रेणू हजारो वेळा तेच काम करू शकतो. आपण मात्र त्याला एक पाळी झाली की गिऱ्हाइकाच्या पेल्यात घालून निरोप देतो. रोज नवा गवंडी आणायचा आणि संध्याकाळी भिंतीतच चिणून टाकायचा, तसला हा व्यवहार. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला, की विकराला कशात तरी असे अडकवून ठेवावे, की दूध त्याच्यापर्यंत जाईल, काम होईल, दूध बाहेर येईल आणि विकर तिथेच राहील. याला विकराचे स्थिरीकरण म्हणतात. आणि अडकवण्याच्या या कामी जी सामग्री सर्वांत सोपी ठरली, ती येते समुद्रातल्या शेवाळापासून.

समुद्रशेवाळ म्हटले की लातूर-नांदेडच्या वाचकाला ते फार दूरचे वाटेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. पण शेवाळाचे पदार्थ आपल्या घरात कधीच शिरले आहेत. उन्हाळ्यात ज्या चायना ग्रासच्या वड्या थापतो ते अगर, म्हणजे लाल शेवाळाचा अर्क. कवळी बसवण्यापूर्वी दंतवैद्य तोंडात जो गारगार लगदा धरायला लावतो आणि दोन-तीन मिनिटांत जो रबरासारखा होतो, त्यात तपकिरी शेवाळातले अल्जिनेट असते. आइस्क्रीमच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ४०१, ४०६, ४०७ असे आकडे दिसले तर ते अनुक्रमे सोडियम अल्जिनेट, अगर आणि कॅराजिनन. तिन्ही बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या कड्यांच्या लांबच लांब साखळ्या. शेवाळाला लाटांचा मार सोसत लवचिक राहायचे असते, त्यासाठी निसर्गाने त्याच्या अंगात हा चीक भरला. जंतुशास्त्राचा तर सारा संसार अगरवर उभा आहे. १८८१-८२ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटीन वापरत, ते उन्हाळ्यात वितळे. त्यांचे सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपल्या जेलीच्या पाककृतीतला अगर सुचवला, आणि तो आजतागायत टिकला. जगभरच्या प्रयोगशाळांत गेलेली ही युक्ती एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातली. असो.

विकर अडकवायचे काम डोळ्यांनी पाहण्याचा योग मला नांदेडच्या एका महाविद्यालयात आला. टेबलावर चंचुपात्रात सोडियम अल्जिनेटचे घट्टसर द्रावण होते, साधारण पातळ खळीसारखे. त्यात यीस्ट कालवले. शेजारच्या पात्रात कॅल्शियम क्लोराइडचे पाणी. एका मुलीने इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ती खळी भरली आणि थेंब थेंब पाण्यात सोडू लागली. पाण्याला लागताच थेंबाचा गोळा झाला! भिजलेल्या साबुदाण्यासारखे दोन-तीन मिलिमीटरचे शुभ्र मणी तळाशी जमू लागले. पाच मिनिटांत वाटीभर झाले. ना आच, ना उग्र रसायन, ना महाग यंत्र. हे मणी साखरेच्या पाण्यात टाकले की आतले यीस्ट साखर फोडू लागते, आणि मणी गाळून, धुऊन उद्या पुन्हा वापरता येतात.

थेंबाचा मणी का होतो? अल्जिनेटच्या साखळीवर जागोजागी ऋणभार असतो. सोडियम असते तोवर साखळ्या एकमेकींपासून सुट्या, म्हणून द्रावण वाहते. कॅल्शियमला दोन हात. तो एका हाताने एक साखळी धरतो, दुसऱ्याने दुसरी. दोन नागमोडी साखळ्या समोरासमोर येतात आणि त्यांच्या खळग्यांत कॅल्शियमचे कण अंड्यांच्या ट्रेमधल्या अंड्यांसारखे बसतात. शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या रचनेला नावही अंड्यांच्या खोक्याचेच दिले. अशी जाळी तयार झाली की आत असलेले सारे अडकते. गंमत अशी, की या मण्यात अल्जिनेट असते फक्त दोन-तीन टक्के, बाकी पाणीच. साखरेसारखे लहान रेणू या पाण्यातून सहज आत-बाहेर करतात. विकराला आपण पाण्यातच आहोत असे वाटते आणि ते बिनतक्रार काम करते.

विकर बांधून ठेवण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१६ मध्ये अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांना आढळले, की साखर फोडणारे विकर कोळशाच्या भुकटीला चिकटले तरी काम करत राहते. कारखान्यात मात्र ते पहिल्यांदा नेले जपानने. तानाबे सेइयाकू या औषध कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये असे बांधलेले विकर वापरून अमिनो आम्ले वेगळी करण्यास सुरुवात केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे पुढचे पाऊल महत्त्वाचे. ॲस्पार्टिक आम्ल बनवण्यासाठी ते जिवाणूंच्या अख्ख्या पेशीच एका कृत्रिम जेलमध्ये अडकवत होते. १९७८ मध्ये त्यांनी ते जेल सोडून समुद्रशेवाळातले कॅराजिनन घेतले. त्याला रसायनांनी थोडी बळकटी दिल्यावर तेच मणी जवळजवळ दोन वर्षांपर्यंत अर्धी ताकद टिकवून राहिले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन ॲसायलेज या विकरावर आणि त्याच्या स्थिरीकरणावर दीर्घकाळ काम झाले. ॲमॉक्सिसिलिनच्या ज्या कॅप्सूल घरोघरी खाल्ल्या जातात, त्यांचा गाभा आज अशाच बांधलेल्या विकराच्या साहाय्याने पेनिसिलिनपासून घडवतात. म्हणजे हे केवळ पुस्तकातले शास्त्र नव्हे.

आणि सोयाबीनच्या दुधाचे काय? त्यावरचे काम आपल्या अगदी शेजारी झाले आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात नांदेड, उस्मानाबाद आणि गुलबर्गा हे जिल्हे एकत्र नांदत होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादच्या पोटात होता, तो वेगळा झाला १९८२ मध्ये. गुलबर्ग्याचे आता कलबुर्गी झाले आहे. तुरीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावातल्या गुलबर्गा विद्यापीठात व्ही. एच. मुळिमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वातूळ साखरांचा पिच्छाच पुरवला. १९९८ मध्ये त्यांनी तुरीच्या पिठावर प्रयोग केले: भिजवून किती साखर जाते, शिजवून किती, विकराने किती. २००५ मध्ये त्यांनी 'ॲस्परजिलस ओरायझी' या बुरशीचे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज कॅल्शियम अल्जिनेटच्या मण्यांत बसवले आणि त्यांच्यावरून सोयाबीनचे दूध नेऊन त्यातल्या या साखरा फोडून दाखवल्या. ही बुरशी परकी किंवा घातक नव्हे. जपानी लोक शतकानुशतके याच बुरशीवर सोयाबीन आंबवून मिसो आणि सोया सॉस करत आले आहेत. २००६ मध्ये याच गटाने अल्जिनेटमध्ये जिलेटीन मिसळून मण्यांऐवजी धागे काढले.

कलबुर्गीहून लातूर म्हणजे काही तासांची वाट. ज्या दाण्याचा प्रश्न त्याच्या बाजारपेठेपासून इतक्या जवळ प्रयोगशाळेत सुटला, तो दाणा पुढची वीस वर्षे जसाच्या तसा पेंड म्हणूनच विकला गेला. का?

निष्क्रियतेवर, सरकारवर, विद्यापीठांवर झोड उठवून हा लेख इथेच संपवता आला असता. पण तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मण्याच्या पोटातच आहेत.

पहिली अडचण गळतीची. अल्जिनेटची जाळी विरळ असते. यीस्टसारखी अख्खी पेशी तिच्यातून निसटत नाही, पण सुटे विकर हळूहळू पाझरते. मणी दिसायला तसाच राहतो आणि कामगार मात्र रोज थोडे थोडे पळून जात असतात. औषधांचे मोठे कारखाने शेवाळाच्या जेलकडे न जाता कृत्रिम राळेच्या कणांना विकर रासायनिक बंधाने जखडतात, त्यामागे हेही एक कारण. दुसरी अडचण कॅल्शियमची, आणि ती सोयाबीनच्या बाबतीत विशेष नाजूक आहे. मणी टिकतो कॅल्शियमच्या जोरावर. दुधात फॉस्फेट असले, सोयाबीनमधले फायटेट असले, की ते कॅल्शियमला ओढून घेतात. मणी फुगतो, मऊ पडतो, अखेर विरघळतो. मग वरून आणखी कॅल्शियम द्यावे म्हणाल, तर कॅल्शियमने सोयाबीनचे दूध फाटते. टोफू करतात तो कॅल्शियमचे क्षार घालूनच! म्हणजे मण्याला जगवावे तर दूध नासते आणि दूध सांभाळावे तर मणी मरतो. कॅल्शियमऐवजी बेरियम वापरले तर मणी घट्ट होतात, पण बेरियम विषारी, अन्नात त्याचे नावही नको. कॅराजिननला कॅल्शियमऐवजी पोटॅशियम चालते ही त्याची जमेची बाजू. पण ते गरम असताना ओतावे लागते आणि ती ऊब विकराला सोसली पाहिजे. गुलबर्ग्याच्या धाग्यांत मिसळलेले जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून येते. माळकऱ्याच्या आणि जैनाच्या घरात जाणारे दूध त्या धाग्यांवरून गेले असे कळले तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हा प्रश्न शास्त्रीय नसेल, पण धंद्याचा नक्की आहे.

शिवाय दूध म्हणजे काही स्वच्छ पाणी नव्हे. ते दाट, त्यात चोथ्याचे बारीक कण. मण्यांनी भरलेल्या नळीत वरून ओतले तर ती तुंबते. खालून वर चढवावे लागते, म्हणजे मणी तरंगते राहतात. त्यात या विकराला कोमटाहून अधिक ऊब मानवते, आणि त्याच उबेत नासवणारे जंतूही खूष असतात. रात्री नळी धुतली नाही तर सकाळी दही.

आणखी एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. या साखरा काही विष नाहीत. आतड्यातल्या काही उपकारक जिवाणूंचे त्या खाद्य आहेत, म्हणून थोड्या प्रमाणात त्या पोटात जाव्यात असे म्हणणारे तज्ज्ञही आहेत. त्या पार नाहीशा करण्याची गरज नाही. पोट तक्रार करणार नाही इतक्या कमी झाल्या की पुरे. माझ्या मते यातच एक सोय दडलेली आहे. शंभर टक्के काम करणारा मणी हवा असेल तर तो महाग पडतो. सत्तर टक्क्यांवर समाधान मानले तर गळका, मऊ, स्वस्त मणीही चालून जाईल.

मग शेवाळाच्या जेलची जागा कुठे? मोठ्या कारखान्यात नाही, हे उघड आहे. डाळमिलमध्येही नाही. लातूरची ओळख डाळीच्या गिरण्यांची, म्हणून कोणी उत्साहाने विचारील, की तुरीच्या साली सुटाव्यात म्हणून हे मणी वापरता येतील का? येणार नाहीत. बांधलेले विकर वाहत्या द्रवावरच काम करते. घट्ट दाण्यापर्यंत ते चालत जाऊ शकत नाही. साखर कारखान्यांनाही याचा उपयोग नाही. जपानमध्ये बीटाच्या साखर कारखान्यात हेच विकर वापरले गेले, कारण बीटाच्या रसातले रॅफिनोज साखरेचे दाणे धरू देत नाही. आपल्या उसात ते लफडे नाही. राहतो तो लहान उद्योग: सोयाबीनचे दूध रोज शे-दोनशे लिटर काढणारा बचत गट, शाळांना पेय पुरवणारे केंद्र, एखादी उत्पादक कंपनी. त्यांच्याकडे राळेवर विकर जखडण्याची यंत्रणा नसते, पण सिरिंज आणि कॅल्शियमचे पाणी असू शकते. सुट्या विकराऐवजी बुरशीच्या अख्ख्या पेशी मण्यात कोंडल्या तर गळतीही पुष्कळ कमी होईल, चिबातांनी जिवाणूंच्या बाबतीत केले त्या मार्गाने. आठवड्याने मणी मऊ पडले तर टाकून नवे करावेत. अल्जिनेट, बुरशी, कॅल्शियम, सगळे खाण्यायोग्य, कुजणारे. ओढ्यात गेले तरी ओढा बिघडणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला ही गोष्ट क्षुल्लक वाटू नये. त्याच लातूरात उसाइतके पाणी न मागणारे पीक म्हणून सोयाबीन टिकले आहे, हेही इथे नोंदवायला हवे.

अल्जिनेट मात्र आपल्याला बाहेरूनच आणावे लागेल. भारतात ते मुख्यत्वे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आपोआप वाढणाऱ्या सारगॅसमसारख्या तपकिरी शेवाळापासून काढतात. सारगॅसम रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकांवरही उगवते. शेवाळापासून अगर, अल्जिनेट, कॅराजिनन काढण्याच्या कृती भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे बसवल्या आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळाच्या शेतीसाठी ६४० कोटी रुपये दाखवले होते. कोकणातले शेवाळ आणि मराठवाड्यातले सोयाबीन यांची गाठ एका राज्यात पडावी ही कल्पना मोहक आहे, पण सोयाबीनच्या दुधाच्या मण्यांना लागेल किती अल्जिनेट? एक लिटर मण्यांना वीस-तीस ग्रॅम. एवढ्यावर कोकणात कारखाना उभा राहत नाही. तेव्हा या जोडीचा गाजावाजा करण्यात अर्थ नाही. भावनगरहून किंवा मदुराईहून पोते मागवले तरी वर्ष निघेल.

खरी उणीव निराळीच आहे. लातूरच्या सोयाबीनवर, लातूरच्या पाण्यात, लातूरच्या उन्हात हे मणी किती दिवस टिकतात, हे मोजायला हवे. आपल्या बोअरचे पाणी जड, त्यात कॅल्शियम अंगचेच. ते मण्यांना आधार देईल की दूध फाडेल? परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांत, एमएयूएस-७१ मध्ये किंवा एमएयूएस-६१२ मध्ये, या साखरा कमी-अधिक असतील तर दुधासाठी कोणता वाण पेरावा? हे प्रश्न टोकियोत किंवा पुण्यात सुटणार नाहीत, आणि ते कठीणही नाहीत. १९९४ पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकवणारी महाविद्यालये आहेत आणि अल्जिनेटच्या मण्यांचे प्रात्यक्षिक हे अशा विषयांतले नेहमीचे प्रात्यक्षिक. दरवर्षी किती मुले मणी करत असतील! साखरेच्या पाण्याऐवजी सोयाबीनचे दूध, एका तासाऐवजी तीस दिवस, एवढाच बदल करायचा. रोज सकाळी दुधातली साखर किती उरली ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. तिसाव्या दिवशी बचत गटाच्या बायकांना सांगता येईल, की मणी आठ दिवसांनी बदला किंवा पंधरा दिवसांनी, आणि लिटरमागे खर्च अमुक. हा एक आकडा हाती नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, गट यंत्र घेत नाही आणि सोयाबीन पोत्यातून थेट तेलाच्या घाण्याकडे जाते.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत मी सिरिंज धरलेल्या मुलीला विचारले, की हे मणी किती दिवस चालतील. ती म्हणाली, "सर, पुस्तकात लिहिलंय पुन्हा पुन्हा वापरता येतात. आम्ही दुसऱ्यांदा नाही वापरले." तास संपला होता, पुढची तुकडी दाराशी उभी होती. तिने वाटीभर मणी बेसिनमध्ये ओतले आणि नळ सोडला. खरा कस लागेल तो उन्हाळ्यात, बेचाळीस अंशांच्या दुपारी, दूध नासण्याची आणि मणी विरघळण्याची शर्यत लागते तेव्हा. मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्टी असते.